परदेशातले बाहेर जेवणे आणि घरी न बोलावणारे स्नेही

पार्ले पूर्व

परदेशातून परतलेल्या मुंबईकरांच्या गप्पांत एक तक्रार हमखास निघते. तिकडचे लोक सज्जन असतात, अडीअडचणीला धावून येतात, पण घरी म्हणून बोलावत नाहीत. जे काही भेटणे-बोलणे व्हायचे ते हॉटेलात, तेही पंधरा दिवस आधी तारीख ठरवून, आणि शेवटी ज्याचे त्याने पैसे द्यायचे. मी नोकरीनिमित्त काही वर्षे जर्मनीत, स्टुटगार्टला राहिलो आणि आता पुन्हा पार्ल्यात आहे. ही तक्रार मला निम्मीच खरी वाटते, म्हणून हा धागा काढला. परिचय आणि घरोबा यांच्या मध्ये तिकडे हॉटेलातल्या टेबलाची एक स्वतंत्र जागा आहे, आणि ती जागा मुंबईच्या मराठी माणसाला परकी वाटावी असे काही कारण नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

आधी तिकडच्या घरांविषयी. जर्मन कुटुंबात संध्याकाळचे जेवण पुष्कळदा थंडच असते : पावाचे काप, चीज, सॉसेज, टोमॅटो, व्हिनेगरात मुरवलेली काकडी. गरम जेवण दुपारी कचेरीच्या कँटीनमध्ये उरकलेले असते आणि तेही आपल्या मानाने फार लवकर; बारा वाजायच्या आतच रांग लागते. संध्याकाळी जिथे चूलच पेटत नाही, तिथे 'या की जेवायला' असे सहज तोंडून निघणार कसे? बोलावलेच, तर त्यासाठी मुद्दाम स्वयंपाक, टेबलाची मांडणी, वाइन असा सगळा घाट घालावा लागतो, आणि तो जवळच्या मोजक्या माणसांसाठीच घातला जातो. आपल्याकडे आयत्या वेळी आलेल्या पाहुण्यासाठी आमटी वाढवता येते, कणीक थोडी जास्त भिजवता येते. कोत्या मनाचा ठपका ठेवण्याआधी दोन स्वयंपाकघरांतला हा फरक पाहायला हवा, असे मला वाटते.

हॉटेलात जाण्याची रीतही आखीव असते. टेबल आधी राखून ठेवायचे. आठवड्यातला एखादा वार, बहुतेक ठिकाणी सोमवार, बंद. दुपारच्या जेवणानंतर संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघर थंड. आणि रात्री नऊ-साडेनऊनंतर गरम पदार्थ मिळेलच याची खात्री नाही. बसल्याबसल्या पाण्याचे पेले समोर आदळले जात नाहीत. पाण्याची बाटली मागवावी लागते आणि तिचे पैसे पडतात, कित्येक ठिकाणी जवळजवळ बिअरइतके. मात्र एकदा बसले, की एका पेल्यावर दोन तास काढले तरी कोणी डोक्यावर येऊन उभे राहत नाही, आणि मागितल्याशिवाय बिलही येत नाही. आपल्या उडप्याकडे शेवटचा घास तोंडात असतानाच टेबलावर फडका फिरतो. त्या सवयीच्या माणसाला तिथला निवांतपणा सुरुवातीला ढिलाईच वाटतो.

सगळ्यांत पाहण्यासारखा प्रसंग बिलाचा. वाढणारी बाई कमरेचे जाडजूड काळे पाकीट काढून टेबलाशी येते आणि एकच प्रश्न विचारते : एकत्र की वेगवेगळे? वेगवेगळे म्हटले, की टेबलाभोवतीचा प्रत्येक जण आळीपाळीने आपले पदार्थ सांगतो : एक माउल्टाशेन, एक सॅलड, दोन लहान बिअर. ती चिठ्ठीवर बेरीज मांडून आकडा सांगते. देणारा त्यात टीप मनानेच मिळवून पुढचा गोल आकडा बोलतो, सव्वीस युरो चाळीस सेंट झाले असतील तर 'एकोणतीस करा' म्हणतो, आणि पाकिटाच्या कप्प्यांतून उरलेली नाणी खळखळत परत येतात. मग शेजारच्याची पाळी. या सगळ्याला सहज दहा मिनिटे लागतात आणि त्यात कोणालाही संकोच वाटत नाही. गप्पासुद्धा थांबत नाहीत.

आपल्याकडे बडीशेपेच्या बशीसोबत आलेल्या बिलावर तीन हात एकदम पडतात, शपथा घातल्या जातात, एखादा तर हात धुवायच्या निमित्ताने आधीच गल्ल्यावर पैसे भरून आलेला असतो. मला ही झटापट आवडते, पण तिच्यामागचा व्यवहारही ओळखावा. आपल्या पद्धतीत कोणावर तरी देणे राहते आणि ते राहावे हीच इच्छा असते, कारण 'पुढच्या वेळी माझ्याकडे' या बोलीवरच पुढची भेट ठरते. तिकडे उठताना कोणी कोणाचे काही लागत नाही. पुन्हा भेटायचे ते भेटावेसे वाटले तरच. महिनोन्महिने, दर महिन्याला त्याच हॉटेलात, त्याच टेबलावर येणारी माणसे मी पाहिली. त्यांच्यात जिव्हाळा नव्हता असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

आणि घरी न बोलावणाऱ्या याच लोकांनी घराचेच हॉटेल करण्याची एक जुनी प्रथाही टिकवली आहे. स्टुटगार्टच्या आसपासचे द्राक्षमळेवाले आपल्या घराच्या ओसरीत किंवा कोठारात वर्षातून फार तर चार महिने स्वतःच्या मळ्यातली वाइन आणि साधे जेवण विकू शकतात. बसण्याच्या जागा चाळीसपेक्षा जास्त नकोत असा नियम आहे, आणि चालू असल्याची खूण म्हणून दारावर केरसुणी टांगलेली असते. (लक्ष्मीपूजनाला केरसुणीवर हळदकुंकू वाहणाऱ्या आमच्या आईला ही खूण फार पसंत पडली होती.) तिथे स्वतंत्र टेबलाचा आग्रह चालत नाही. बाकावर सरकून अनोळखी माणसांना जागा करून द्यावी लागते, आणि मग समोरचे आजोबा तुम्ही कुठले, असे विचारतातच. मुंबई म्हटल्यावर एकदा एका आजोबांनी दोन्ही शहरे १९६८ पासून भगिनी-शहरे असल्याचे ऐकवले. इथे ही गोष्ट सांगितली, की बहुतेकांना नवल वाटते.

आता मुंबईकडे वळतो. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले कामगार एकेका खोलीत दाटीने, पाळीप्रमाणे झोपायचे आणि महिन्याच्या बोलीवर खानावळीत जेवायचे. त्या खानावळी बहुतांशी बायकांनी आपल्या राहत्या खोलीत चालवलेल्या होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून याच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवले आणि बँकेच्या कर्जापर्यंत नेले. माटुंग्याच्या उडुपी खानावळी, दादर-गिरगावातली मराठी उपाहारगृहे, नाक्यानाक्यावरचे इराणी, ही सगळी त्याच गरजेतून वाढलेली ठिकाणे आहेत. चाळीतल्या एका खोलीत सहा-सात माणसे राहत असताना मित्राला घरी बसवणार कुठे? त्याला घेऊन इराण्याकडे जायचे, संगमरवरी टेबलाशी बसून एका चहावर तासभर बोलायचे आणि उठायचे. त्या मैत्रीला कोणी कमअस्सल म्हटले नाही. दिवाणखाना हाती आल्यावर मात्र आपण घरच्या पाहुणचाराला एकदम शास्त्राचा दर्जा दिला आणि त्याच मापाने इतरांना मोजू लागलो.

आपले अनुभव कोणत्या देशातले आहेत आणि ते माझ्या म्हणण्याशी जुळतात की नाही, हे वाचायला आवडेल.

मीठभाकर

तुमचे विवेचन आवडले, पण त्यात एक माणूस दिसत नाही, तो म्हणजे स्वयंपाक करणारा. खरे तर करणारी. आम्ही न्यू जर्सीत बरीच वर्षे होतो, आता ठाण्यात आहोत. तिथल्या मराठी मंडळींत घरी बोलावण्याची टंचाई कधीच नव्हती. उलट दर शनिवारी कोणाच्या ना कोणाच्या तळघरात पॉटलक असे. कोणी काय आणायचे याची यादी बुधवारपासून फिरू लागे. पुरणपोळी, भरली वांगी, मटणाचा रस्सा अशा नोंदींपुढे बायकांची नावे असत, आणि 'सोडा, बर्फ, कागदी ताटल्या' या नोंदीपुढे कोणा एकट्या राहणाऱ्या मुलाचे. पुरुष मंडळी भारताच्या राजकारणावर बोलत बसत. आठवडाभर नोकरी करून शुक्रवारी रात्री चाळीस माणसांची कोशिंबीर चोचवणाऱ्या बाईला विचारा, की घरगुती पाहुणचार श्रेष्ठ की हॉटेल.

माझ्या कचेरीतल्या अमेरिकन मैत्रिणींनी मला जेवायला बाहेर नेले, तेव्हा कित्येक दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी मला ताट आणून दिले. त्यांच्याशी माझी मैत्री वाढली ती तशाच जेवणांवर. न्यू जर्सीत मद्यविक्रीचे परवाने गावाच्या लोकसंख्येशी बांधलेले आणि फार महाग असल्यामुळे कित्येक छोटी हॉटेले परवाना घेतच नाहीत. गिऱ्हाइकाने आपली बाटली आपणच आणावी अशी तिथे पद्धत आहे. त्यामुळे एक जण वाइन आणे, दुसरी मुलाला सांभाळायला माणूस शोधे, आणि सहा वाजता, म्हणजे आपल्या चहाच्या वेळेला, आम्ही जेवायला बसत असू. उरलेले अन्न डब्यात भरून घरी नेण्यात कोणालाही कमीपणा वाटत नसे. पदार्थ इतके अवाढव्य येत, की दुसऱ्या दिवशीचा डबा त्यातच होई.

टिपेबद्दल मात्र आपली मंडळी तिथे नाव घालवतात, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. टीप मिळणाऱ्या नोकरांसाठी अमेरिकेचे संघीय किमान वेतन तासाला २ डॉलर १३ सेंट आहे आणि १९९१ पासून ते बदललेले नाही. काही राज्यांनी ते स्वतःपुरते वाढवले आहे, पण हिशेबाचे मूळ तत्त्व तेच : पगार मालकाने थोडा द्यायचा आणि बाकीचा गिऱ्हाइकाने. अठरा-वीस टक्के टीप ही तिथे मेहेरबानी नसते. हे ठाऊक असूनही 'जेवण काही खास नव्हते' म्हणत पाच डॉलर ठेवून उठणारे आपले लोक पाहिले, की मला तोंड लपवावेसे वाटे.

हिंदू कॉलनी

पार्लेकर, तुमचा सिद्धांत सिंगापूरला लागू पडत नाही. तिथे बाहेर जेवणे हा भेटीगाठीचा प्रसंग नसतो, तो रोजचा स्वयंपाक असतो. घराखाली उतरले, की हॉकर सेंटर. सकाळचा टोस्ट आणि कॉफी तिथे, दुपारचा भात तिथे, रात्रीचे नूडल्सही तिथेच. शंभराहून अधिक अशी केंद्रे आहेत आणि ती बहुतेक सरकारने १९७० आणि १९८० च्या दशकांत, रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना ओटा, नळ आणि सांडपाण्याची सोय देऊन एका छपराखाली आणण्यासाठी बांधली. २०२० मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. आपल्याकडे फेरीवाल्यांचा कायदा २०१४ मध्ये झाला, तरी दादर स्टेशनबाहेर पालिकेची गाडी आली, गाडी गेली, हा खेळ चालूच आहे. असो, तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

जागा अडवायची असेल, तर टेबलावर कागदी रुमालांचे पाकीट ठेवून खुशाल रांगेत जायचे. त्या पाकिटाला कोणी हात लावत नाही. लोकल गाडीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आमच्या पिढीला ही रीत समजावून सांगावी लागली नाही. जेवण झाल्यावर आपला ट्रे आपणच जागेवर नेऊन ठेवायचा. २०२१ पासून तो न ठेवणाऱ्याला दंडही होऊ शकतो. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी मात्र कोणी फारसे बोलत नाही. तेव्हा एका टेबलावर बसले म्हणजे ओळख वाढते, हे सरसकट विधान करू नये. तुमच्या केरसुणीवाल्या ओसरीत ओळख होते, कारण तिथे घाई नसते आणि वाइन असते. हॉकर सेंटरमध्ये माणूस वीस मिनिटांत जेवून उठतो, कारण ताटल्या हातात घेऊन दुसरा टेबल शोधत असतो.

खाडीपलीकडे

दुबईबद्दल थोडे. इथे 'बॅचलर' या शब्दात लग्न झालेले पुरुषही येतात, कारण कुटुंबाला आणायचे तर ठरावीक पगार लागतो आणि तो सगळ्यांना नसतो. असे लोक खोलीत चार-सहा जण राहतात आणि मेसमध्ये महिन्याच्या बोलीवर जेवतात. वर गिरणगावाचे वर्णन वाचताना मला दुबईच्या करामा भागातल्या माझ्या पहिल्या खोलीची आठवण झाली; फरक एवढाच, की आमची खानावळवाली मावशी नव्हती, केरळचा एक आचारी होता. कुटुंबे असलेल्यांसाठी बाहेर जेवणे म्हणजे उन्हाळ्याचे चार-पाच महिने मॉल, कारण रस्त्यावर पाऊल ठेववत नाही. सुट्टीचे वारही बदलले. २०२२ पासून सरकारी कचेऱ्या आणि शाळांची सुट्टी शुक्रवार-शनिवारऐवजी शनिवार-रविवार झाली आणि शुक्रवारच्या लांबलेल्या न्याहारीची आमची बैठक त्यात मोडली.

रमजानात पूर्वी दिवसा चालू असलेल्या हॉटेलांना पडदे लावावे लागत. दुबईने ती सक्ती २०२१ मध्ये काढली. सूर्यास्तानंतरच्या इफ्तारला मात्र आमचे वरिष्ठ सगळ्या विभागाला आवर्जून नेत. वर्षभरात ज्यांच्याशी 'गुड मॉर्निंग'पलीकडे बोलणे झालेले नसे, त्यांच्या पोराबाळांची नावे त्या एका रात्री कळत.

पार्ले पूर्व

मीठभाकर, तुमचा आक्षेप मान्य करतो आणि तो माझ्या म्हणण्याला बळच देतो. हॉटेलातल्या टेबलावर यजमान आणि पाहुणा असा भेद राहत नाही, त्यामुळे घरातल्या एका माणसाच्या कंबरेवर सगळ्यांची मैत्री उभी राहत नाही.

हिंदू कॉलनी, घाईचा मुद्दा चांगला आहे. इराण्याच्या भरभराटीच्या काळातही जागा अडवून बसणाऱ्यांविरुद्ध भिंतीवर पाट्या असत, पण वेटर मंडळी त्या पाट्यांकडे जितक्या सोयीने दुर्लक्ष करीत, तितक्या सोयीने आजच्या कॉफीच्या दुकानातले लोकही करतात. फक्त चहाच्या पैशांत आता तिथली साखरही येत नाही.

काँट्री

मी ॲमस्टरडॅमला शिकायला होतो, सध्या अंधेरीत नोकरी करतो. डच लोकांनी ते काळे पाकीटही निवृत्त केले आहे. एक जण सगळे बिल भरतो आणि घरी पोहोचण्याआधी प्रत्येकाच्या फोनवर त्याच्या वाट्याचा दुवा येतो. २०१६ मध्ये तिथल्या एका बँकेने काढलेले टिक्की हे ॲप त्यासाठी इतके रुळले आहे, की त्याचे नाव क्रियापदासारखे वापरतात. एका मैत्रिणीने घरी चहाला बोलावले होते आणि नंतर केकच्या तुकड्याचा दुवा पाठवला होता, तेव्हा मी दोन दिवस अस्वस्थ होतो, हेही सांगून टाकतो.

इथे आल्यावर पाहतो, तर आमच्या वयाच्या लोकांत यूपीआयमुळे अगदी हेच चालू आहे. महाविद्यालयात आम्ही काँट्री काढायचो तेव्हा ज्याच्याकडे पैसे नसत त्याचे कोणीतरी गुपचूप भरत असे. आता गटात आकडा पडतो आणि न भरणाऱ्याचे नाव सगळ्यांना दिसते. बाबांना मित्राच्या वडिलांकडून एकशे ऐंशी रुपयांची मागणी फोनवर आली, तेव्हा त्यांनी ती अपमान समजून नाकारली आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी पावशेर पेढे घेऊन गेले. पार्लेकर काका, देणे ठेवून नाते राखायचे म्हणता ते हेच असावे.

माझी अडचण वेगळी आहे. मी दारू पीत नाही आणि मांसाहारही करत नाही. जर्मनीतल्यासारखे पदार्थवार बिल इथे कोणी करून देत नाही. सगळे समान भागले जाते, आणि माझ्या दाल खिचडीच्या डोक्यावर इतरांची व्हिस्की बसते. दर वेळी बोलले, तर चिक्कू ठरतो. परदेशात राहून आलेल्यांनी इथल्या मित्रमंडळींत हे कसे सोडवले?

मीठभाकर

न बोलण्यात कसला आलाय मोठेपणा? ऑर्डर देतानाच सांगायचे, बिल आल्यावर नव्हे. बिल आल्यावर बोलले, की ती कुरकुर ठरते. आमच्या ठाण्याच्या गटात दोघी जणी पीत नाहीत आणि त्या बसल्याबसल्याच तसे सांगून टाकतात. बिलाबरोबर सर्व्हिस चार्जची ओळही तपासून घ्या. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो सक्तीने लावता येत नाही आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या आहेत. तो काढायला लावला, तर वेटरच्या हातात रोख टीप द्यायला मात्र विसरू नका.

पार्ले पूर्व

काँट्री, तुमच्या अडचणीचा निम्मा हिशेब बिलावरच तयार असतो. मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर असल्यामुळे आपल्या हॉटेलांच्या बिलात जेवणाची बेरीज जीएसटीसह आणि मद्याची बेरीज राज्याच्या व्हॅटसह वेगवेगळी दाखवलेली असते. आमच्याकडे आता जेवणाची बेरीज सगळ्यांत सारखी वाटतात आणि मद्याची फक्त पिणाऱ्यांत. मटण आणि खिचडीतला फरक मात्र आम्ही सोडून देतो, आणि तुम्हीही तो सोडून द्यावा असे सुचवेन. नाहीतर पुढच्या वेळी पापडही मोजावे लागतील.